आधी हात, मग थाळी

जिजीच्या दहाव्याला कावळा पिंडाला लगेच शिवला. यादव भाऊ, तिचा मुलगा, पान ठेवून चार पावलं मागे सरतात न सरतात तोच एक आला, पाठोपाठ दुसरा. बायका म्हणाल्या, "सुटली बाई म्हातारी, कशात जीव अडकला नव्हता तिचा." माझी मात्र पंचाईत झाली. मी आदल्या दिवसापासून धरून चालले होते की कावळा शिवणार नाही. तो अडून बसेल, लोक उन्हात ताटकळतील, कोणीतरी विचारेल की म्हातारीचं काही राहिलंय का, आणि मग मला बोलावंच लागेल. कावळ्यानं माझी तेवढी सोय केली नाही.

आता सगळं सांगते. पण माझ्या पद्धतीनं सांगणार, मध्ये कोणी 'आटप लवकर' म्हणायचं नाही.

मी स्नेहल. माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. नऊ वर्षांपूर्वी लग्न होऊन सिन्नरपासून सात किलोमीटर आत, मळ्यातल्या वस्तीवर आले. वस्ती म्हणजे तीन घरं. एक आमचं, बांधाला बांध लागून जिजीचं, आणि ओढ्यापलीकडे झिपरू तात्यांचं. मध्ये नुसता कांदा, मका आणि ऊस. मी जात्याच भित्री आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. पालीला भिते, विजेला भिते, लाईट गेली की नवऱ्याचा शर्ट धरून बसते. पंचवटीत ओरडलं तर दहा माणसं दारात येतात. इथं ओरडलं तर फक्त टिटवी ओरडते.

लग्नानंतर दुसऱ्याच संध्याकाळी शेजारून थाळी वाजली. ठण, ठण, ठण. मला वाटलं, शेजारी बाळ झालं. मी हौसेनं सासूबाईंना विचारलं, "मुलगा का हो?" त्या हसून हसून बेजार झाल्या. मग उठल्या, माझ्या, सासऱ्यांच्या आणि योगेशच्या डोक्याला हात लावला, स्वतःच्या छातीला लावला आणि आमच्या ओट्यावरच्या थाळीवर लाटण्यानं दोन ठोके दिले. लांबून तात्यांच्या घरातूनही दोन ठोके आले. सासरे पुढे दोन वर्षांनी वारले, पण त्या दिवशीचा सासूबाईंचा तो हात अजून आठवतो.

नियम असा होता. दिवस मावळला की जिजीनं तीन ठोके द्यायचे. मग आमच्या घरानं दोन, मग तात्यांनी दोन. दोन ठोके म्हणजे आमची माणसं सगळी घरात आली. ज्या घरातून ठोके येणार नाहीत तिकडे बाकीच्यांनी बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन धावायचं. कोणी गावाला जाणार असेल, कोणाचं काम लांबणार असेल, तर तसं आधी सांगून ठेवायचं. आणि ठोके द्यायच्या आधी घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याला हात लावायचा. नजरेनं मोजायचं नाही, अंदाजानं तर नाहीच नाही. "आधी हात, मग थाळी," जिजी म्हणायची. ही चाल तिच्या सासूच्या वेळची. तेव्हा माळावर लांडगे होते. लांडगे गेले, पाट आला, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. योगेश एकदा म्हणाला, "जिजी, आता व्हाट्सअॅपवर ग्रुप काढू, कशाला ठणाठण?" ती म्हणाली, "काढ की. आन् वाघ आला का त्याला मोबाईल दाव."

जिजीचं खरं नाव नवसाबाई. तिच्या आईची चार लेकरं गेली आणि मग खंडोबाला नवस बोलून ही झाली. बहात्तरच्या दुष्काळात तिनं रस्त्याच्या कामावर खडी फोडली. डाव्या अंगठ्याचं नख तेव्हा गेलं ते परत नीट आलंच नाही. नवरा लवकर गेला. एकट्या यादवला तिनं कांदे खुरपून, निवडून वाढवलं आणि सिन्नरच्या कारखान्यात चिकटवलं. तोंडानं फटकळ. शिव्या अशा द्यायची की बैलसुद्धा ओशाळायचा. पण कोणाच्या घरात दुखणंबाणं आलं की ही न बोलावता उशाशी बसलेली.

माझी आई मी बारावीत असताना गेली. तृप्तीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा ओढ्याला पाणी, वर पाऊस, आणि मी 'मरते, मरते' म्हणून किंचाळत होते. जिजी टेम्पोत माझ्याशेजारी चढून बसली. म्हणाली, "भ्यायचं तेवढं भी. माझा हात तेवढा सोडू नको." सिन्नरपर्यंत मी तिचा हात असा आवळला होता की दुसऱ्या दिवशी तिच्या मनगटावर वळ दिसत होते. त्या दिवसापासून ती माझी आई. शेजारीण म्हणायला वेगळी, एवढंच.

तिची एक खोड मात्र आम्हाला गमतीची वाटायची. तिच्या घरात माणसं पाच. ती, यादव भाऊ, त्यांची बायको पूजा आणि दोन नाती. जिजी रोज हात लावत मोजायची आणि शेवटी म्हणायची, "सहा." रोज! आमची तृप्ती बोलायला लागल्यावर तिनंही पकडलं. "आजी, पाचच आहात की." जिजी म्हणायची, "गप गं, मोजू दे." आम्ही म्हणायचो, शाळा नाही शिकली बिचारी, आकडे चुकतात. मी तर तिला तोंडावर चिडवायचे, "जिजी, सहावा कोण, खंडोबा का?" ती नुसती हसायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी होऊन गेली होती. मका अजून उभा होता. आठवड्यात दोनदा विहिरीच्या मोटारीपाशी बिबट्याच्या पंज्याचे ठसे उमटलेले दिसले होते. आणि आमची कुत्री, चंपी, दोन दिवसांपासून बेपत्ता होती. ओढ्यात तिचा नुसता पट्टा सापडला. तिची पिल्लं आमच्या कांदे साठवायच्या रिकाम्या चाळीखाली होती, मक्याला लागूनच. योगेश त्यांना घरात आणणार होता. पण त्या दिवशी तो टेम्पो घेऊन नाशिकला गेला, सासूबाई चांदवडला नणंदेकडे, आणि घरात मी आणि पाच वर्षांची तृप्ती. तात्यांकडे मक्याची मळणी चालू होती. मशीन थांबायला उशीर होईल, आमची थाळी धरू नका, असा त्यांचा आधीच निरोप होता.

तृप्ती दिवस मावळायच्या आधी जिजीकडे गेली. रोजच जायची, त्यात विशेष काही नव्हतं. मी भाकरी करायला बसले. तव्यावर एक, परातीत एक, हात पिठानं भरलेले, आणि तिकडून ठण, ठण, ठण.

मी उठले. खरं सांगते, मनात आलं की तृप्ती कुठंय. लगेच त्याचं उत्तरही आलं की कुठं असणार, जिजीपाशी, म्हणजे जिजीनं मोजलीच असणार. तव्यावरची भाकरी करपत होती. पिठाच्या हातानं लाटणं उचललं आणि दोन ठोके दिले. ज्या डोक्याला हात लावायचा ते डोकं घरात नव्हतंच.

राहिलेल्या भाकऱ्या उरकून मी तिला आणायला निघाले. अंधारायला लागलं होतं, मक्याचे शेंडे तेवढे वेगळे दिसत होते. जिजी ओट्यावर बसली होती, नाती आत टीव्हीपुढे, यादव भाऊ कारखान्यात रात्रपाळीला.

"चला तृप्ताबाई, घरी," मी म्हणाले.

जिजीनं मान वर केली. "ती कवाच गेली. घुगऱ्यांची वाटी दिली, तशी निघाली. आन् तुझी थाळी वाजली ना?"

त्या क्षणाचं मी काय सांगू!   कानात नुसती मळणीयंत्राची धडधड. तेवढ्यात पूजा दुधाची बादली घेऊन गोठ्यातून आली, कानातली गाण्याची बोंडं काढत. "काय झालं?"

आणि मी म्हणाले, "नाही जिजी. मी थाळी वाजवलीच नाही."

का म्हणाले? भीती वाटली म्हणून. पोरीला काही झालं तर सगळी वस्ती काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील, योगेश माझं तोंड बघेल का. पोटची पोर अंधारात आणि मला माझी पडली होती. कोणी मला शिव्या घाला, मी हूं की चूं करणार नाही.

जिजीनं माझ्याकडे एकदाच बघितलं. मग म्हणाली, "बरं. माझेच कान वाजले असतील." थाळी उचलली, काठी उचलली आणि ब्याऐंशी वर्षांची ती बाई माझ्याआधी बांधावर चढली. पूजा तात्यांकडे माणसं आणायला पळाली.

"तृप्ते!" मी ओरडत होते, पण त्या मशीनच्या आवाजात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. बॅटरीचा उजेड मक्यावर टाकला की पानं हलल्यासारखी वाटायची, काढला की जास्तच हलल्यासारखी वाटायची. जिजी पुढे थाळी बडवत चालली होती. अचानक मशीन थांबलं. पूजा पोचली असणार. सगळीकडे गप्प झालं आणि त्या गप्पपणात पिल्लांचं कुंईकुंई ऐकू आलं. चाळीच्या बाजूनं.

जिजी तिकडे वळली आणि थबकली. मी बॅटरी तिकडे धरली. चाळ आणि मका यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत तो बसला होता. मी आधी फोटोत पाहिला होता, मोबाईलवर पाहिला होता. तो इतका लांब असतो हे मला माहीत नव्हतं. त्याचं तोंड आमच्याकडे नव्हतंच, चाळीखाली होतं. आणि चाळीखालून माझ्या पोरीचा आवाज आला, "आई, पिल्लू घाबरलंय."

माझ्या हातातली बॅटरी इतकी हलत होती की तो एकदा दिसायचा, एकदा नाही. मी जागची हलले नाही. जिजी हलली. ती एक एक पाऊल टाकत पुढे गेली, थाळी वाजवत, आणि त्याला शिव्या देत. ज्या शिव्या ती बैलाला द्यायची, त्याच. "ऊठ मुडद्या, ऊठ, तुझ्या आयला तुझ्या." त्यानं तोंड फिरवून तिच्याकडे बघितलं. दोघांमध्ये एखाद्या खाटेएवढं अंतर असेल. तेवढ्यात ओढ्याच्या अंगानं तात्यांकडची माणसं आरडाओरडा करत आली. तो उठला आणि मक्यात शिरला, घाई नाही की काही नाही. जिजी मागे सरली, पाय बांधावरून सुटला आणि ती पाण्याच्या चारीत पडली. थाळी दगडावर आपटली. तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

तृप्तीला ओरखडासुद्धा नव्हता. रिकामी वाटी धरून बसली होती, मांडीवर पिल्लू.

जिजीचा खुबा मोडला. नाशिकला ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा चालली नाही. आणि वस्तीत एकच गोष्ट झाली, 'म्हातारीचे कान गेले. न वाजलेली थाळी ऐकू आली, म्हणून पोर जाता जाता वाचली.' यादव भाऊ चांगला माणूस. आईवर त्यांचा जीव. पण त्यांनी थाळी उचलून माळ्यावर टाकली. म्हणाले, "आई, आता पुरे. ऐकायला येत नाही, उगाच एखाद्याच्या जिवावर बेतायचं." त्यांनी मोबाईलवर ग्रुप काढला. सगळे संध्याकाळी अंगठा पाठवू लागले. मी शेजारीच उभी होते. तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं.

मी रोज तिच्याकडे जायचे. जेवण भरवलं, केस विंचरले, तिचं सगळं केलं. लोक म्हणायचे, 'पोटची पोर करणार नाही इतकं स्नेहल करते.' ते ऐकलं की मला पळून जावंसं वाटायचं. दिवस मावळला की जिजी बेचैन व्हायची. नातींना बोलवायची, डोक्याला हात लावायची, पुटपुटायची, "सहा." मग खाटेच्या लाकडावर बोटानं तीन ठोके. टक, टक, टक. आणि दाराकडे कान लावून पडून राहायची. मला वाटायचं, तिला कळलं तर? मला वाटायचं, तिला न कळताच ती गेली तर? कोणत्या भीतीला जास्त भ्यावं हेच मला ठरवता येईना.

या कार्तिकात तिनं अन्न सोडलं. एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. समोरासमोर नव्हतो, म्हणून बोलले.

"जिजी, त्या दिवशी थाळी मी वाजवली होती. हात न लावता. तुमचे कान शाबूत होते."

 फणी माझ्या हातातून गळून पडली.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "लाटण्याला पीठ व्हतं तुझ्या. आवाज बसका आला व्हता. त्याच येळंला कळलं."

"मग बोलला का नाहीत? सगळ्यांनी तुम्हाला बहिरी ठरवलं, थाळी काढून घेतली!"

"काय बोलू? मीबी वाजवली व्हती की."

मग तिनं सांगितलं. थांबत थांबत, भिंतीकडे बघत. बहात्तरच्या आदल्या वर्षी तिची पहिली पोर होती, चार वर्षांची. ठकू. तेव्हा थाळी तात्यांची आजी सुरू करायची. जिजी चुलीपाशी होती, पोर सासूपाशी आहे असं धरून तिनं ठोके दिले. सासू समजत होती की पोर आईपाशी आहे. शोधाशोध झाली तेव्हा जिजी म्हणाली, "थाळी म्या नाय वाजवली, आत्याबाईंनी वाजवली." सगळ्यांनी सासूला धरलं. तिसऱ्या दिवशी माळावर ठकूच्या पायातला एक वाळा सापडला. बाकी काही नाही.

"सासू वरीस दीड वरीस जगली. कोणी तिच्या हातचं पाणी घेईना. म्या रोज तिला जेवू घातलं, रोज ठरवलं का आज सांगते." जिजीनं डोळे मिटले. "नाय सांगितलं. तू सांगितलंस. माझ्यापरीस धीट निघालीस पोरी."

धीट! मला! मी तिच्या पायावर डोकं ठेवून रडले, किती वेळ ते माहीत नाही. तिनं माझ्या डोक्याला हात लावला, तसाच, मोजताना लावायची तसा. मग म्हणाली, "पर कोणाला सांगू नको. तुला नांदायचं हाय इथं." आणि मला, देवाशपथ, हायसं वाटलं. याची लाज तर सगळ्यात जास्त वाटते.

त्या दुपारनंतर बाराव्या दिवशी जिजी गेली.

दहाव्याला कावळा शिवल्यावर माइक फिरला. सरपंच बोलले, कारखान्यातले लोक बोलले. शेवटी यादव भाऊ उभे राहिले. "आई लई खमकी. फक्त शेवटी कान गेले, आणि त्या थाळीच्या नादात स्वतःचा पाय मोडून घेतला," म्हणाले आणि रडायला लागले. कोणीतरी माइक बंद करायला गेलं.

मी उठले.  सासूबाईंनी पदर ओढला. योगेश 'काय झालं, चक्कर आली का' म्हणाला. मी माइकपाशी गेले आणि म्हणाले, "जिजीचे कान गेले नव्हते. त्या दिवशी थाळी मी वाजवली होती. तृप्तीला न मोजता. आणि मग नाही म्हणाले." पुढचं काही सुचलं नाही. ठकूचं मी तिथे बोलले नाही, ते मला फक्त यादव भाऊंना सांगायचं होतं. दोनशे माणसं ऐकत होती. यादव भाऊ तिथून निघून गेले.

घरी कोणी माझ्याशी बोललं नाही. सासूबाई देवापुढे बसल्या, योगेश अंगणात येरझारा घालत होता. दिवस मावळला. मी चुलीपाशी बसून होते आणि विचार करत होते की पिशवी भरू का, पंचवटीची बस किती वाजता असते.

आणि शेजारून आवाज आला. ठण, ठण, ठण.

माळ्यावरची थाळी खाली आली होती. ओट्यावर यादव भाऊ उभे होते, अंधारात नुसती सावली. तीन ठोके देऊन ते आमच्या घराकडे तोंड करून थांबले. आमची पाळी होती.

मी उठले. सासूबाईंच्या डोक्याला हात लावला, त्यांनी मान बाजूला घेतली नाही. योगेशला बोलावलं, त्याला लावला. तृप्तीला लावला. माझ्या छातीला लावला. मग म्हणाले, "पाच."

"आई, चारच आहोत," तृप्ती म्हणाली.

"गप गं," मी म्हणाले, "मोजू दे." आणि लाटणं उचललं.